जादूची हद्द कोण आखतो?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ नावाचा पहिल्या पातळीचा एक साधा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, आहे. तो वापरून धर्मोपासक किंवा ड्रुइड पात्राला तीस फुटांच्या आत, एखाद्या उघड्या भांड्यात, दहा गॅलनपर्यंत म्हणजे सुमारे 38 लिटर स्वच्छ पाणी निर्माण करता येते. हवे तर पाऊस पाडून आग विझवता येते. वाटेत पाणी संपलेल्या मंडळींची सोय व्हावी, इतक्याच माफक अपेक्षेने लिहिलेला हा स्पेल. तरीही कधी ना कधी कुणीतरी खेळाडू टेबलावर पुढे सरकून विचारतोच: समोरच्या शत्रूचे तोंड उघडे आहे, मग त्याची फुप्फुसे हे उघडे भांडे धरायचे का?

या प्रश्नाकडे तीन बाजूंनी बघता येते. पहिली बाजू शब्दांची. नियमपुस्तक सजीव आणि वस्तू यांत फरक करते, भांडे ही वस्तू आहे आणि जिवंत प्राण्याचे अवयव वस्तूंत मोडत नाहीत. दुसरी हेतूची. पाणी पुरवणारा स्पेल माणसे बुडवण्यासाठी लिहिलेला नाही. तिसरी बाजू संपूर्ण रचनेची, आणि नवख्या खेळाडूच्या ती सहसा लक्षात येत नाही. याच खेळात ‘पॉवर वर्ड किल’ हा स्पेल एका शब्दात जीव घेतो. तो नवव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा आहे आणि 2014 च्या नियमांनुसार समोरच्याचे हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसण्याचे गुण, शंभर किंवा त्याहून कमी असतील तरच चालतो. ज्या कामासाठी महाजादूगाराला उभे आयुष्य घालवावे लागते, ते पहिल्या पायरीवरच्या पात्राला घडाभर पाण्यात जमू लागले तर मधल्या सात पातळ्यांना अर्थ उरत नाही. इथे तिन्ही बाजूंनी एकच उत्तर येते: नाही. मात्र असे दर वेळी होत नाही. शब्द एक सांगतात, हेतू दुसरे आणि रचना तिसरेच, असे अनेकदा घडते. पुढच्या पानांचा विषय ती अवघड ठिकाणे हाच आहे.

टेबलावरचा रोलप्लेइंग गेम ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. चार-सहा जण एकत्र बसतात. त्यांतला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो. गोष्टीतले जग, गावे, शत्रू, हवामान हे सगळे त्याच्या बोलण्यातून उभे राहते. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करते हे तोंडाने सांगतात. निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. व्हिडिओ गेममध्ये जे बटण दिलेले नाही ती कृती करताच येत नाही. इथे बटणेच नाहीत. जे सुचेल ते करून पाहण्याची मुभा आहे, आणि या खेळाचा सगळा आनंद त्या मुभेत आहे. तलवारीने काय होते आणि काय होत नाही हे सगळ्यांनाच कळते, त्यामुळे तिच्यावर फार वाद होत नाहीत. पण बोटातून सुटलेला आगीचा गोळा कोपऱ्यावरून वळेल का, पेटीतले सोने वितळवेल का, हे कुणी पाहिलेले नाही. ते कुठेतरी लिहून ठेवावे लागते, आणि लिहिलेले सगळ्यांनी मिळून वाचावे लागते.

म्हणून या खेळांतल्या जादूचा पन्नास वर्षांचा इतिहास हा बराचसा हद्दीचा इतिहास आहे. ती हद्द कागदाने आखायची की समोर बसलेल्या माणसाने, या प्रश्नावर खेळाची प्रत्येक आवृत्ती वेगळ्या ठिकाणी उभी राहिलेली दिसते.

सुरुवात तोफखान्यापासून झाली. 1971 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक काढले. छोट्या सैनिकांच्या मूर्ती टेबलावर मांडून, पट्टीने अंतर मोजून खेळायचा हा युद्धखेळ. त्याच्या शेवटी अद्भुतकथांसाठी एक पुरवणी होती आणि तिच्यात जादूगार होता. त्याच्या आगीच्या गोळ्याचा टप्पा किती मोठा धरायचा? मोठ्या गोफणयंत्राच्या दगडाइतका. आणि विजेच्या लोळाचा? अवजड तोफेच्या माऱ्याइतका. म्हणजे जादूची पहिली मर्यादा युद्धखेळातल्या पट्टीने ठरवली, गूढशास्त्राचा तिथे काही संबंध नव्हता. पुढे फायरबॉलसाठी, म्हणजे याच आगीच्या गोळ्यासाठी, लागणारे साहित्य म्हणून वटवाघळाची विष्ठा आणि गंधक असे लिहिले गेले. विष्ठेतून सोरा मिळतो, आणि सोरा व गंधक हे तोफेच्या दारूचे घटक. फायरबॉलचे तोफेशी असलेले नाते असे त्याच्या साहित्यातही राहिले.

दुसरी मर्यादा कथासाहित्यातून आली. जॅक व्हान्स यांच्या 1950 च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातले जादूगार स्पेल पाठ करतात, पण डोक्यात एका वेळी मोजकेच मावतात, आणि उच्चारला की तो स्पेल स्मरणातून पुसला जातो. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी हीच कल्पना उचलली. सकाळी कोणते स्पेल पाठ करायचे हे ठरवा, वापरलात की संपला. व्हान्स यांचे ऋण पुढे एका पात्राच्या नावातही उतरले. खेळातला प्रसिद्ध मृत महाजादूगार ‘व्हेक्ना’ म्हणजे व्हान्स यांच्याच इंग्रजी आडनावातली अक्षरे उलटसुलट केलेली. पाठांतराच्या या योजनेने ‘किती वेळा’ या प्रश्नाचे चोख उत्तर दिले. कुठवर, हा प्रश्न मात्र मोकळाच राहिला. 1974 च्या तीन पुस्तिकांत अनेक स्पेलना दोन-चार ओळीच मिळाल्या होत्या, आणि शेवटी पंचांना सांगितले होते की अडेल तिथे तुम्हाला हवे तसे ठरवा.

फायरबॉलवर थोडे थांबले पाहिजे, कारण हद्द कशी हलत जाते हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. 1974 मध्ये त्याची त्रिज्या वीस फूट होती आणि अरुंद जागेत आग त्या जागेचा आकार घेते, असे म्हटले होते. 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये गायगॅक्स यांनी याला आकडा दिला: स्फोट सुमारे 33,000 घनफूट जागा भरतो. वीस फूट त्रिज्येच्या गोलाचे घनफळ काढले तर तेवढेच येते, म्हणजे हिशेब बरोबर होता. आता हाच गोळा दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बोळात फोडा. प्रत्येक फूट लांबीला शंभर घनफूट जागा लागते, म्हणजे आग 330 फूट पसरणार, दोन्ही तोंडे मोकळी असतील तर दोन्हीकडे 165-165 फूट. शंभर फुटांवरच्या शत्रूवर गोळा टाकणारा जादूगार स्वतःच होरपळून निघणार! त्यात आगीने सोने, चांदी, तांबे यांसारखे मऊ धातू वितळत, म्हणजे ज्या खजिन्यासाठी भुयारात उतरायचे तोच रस होऊन जाण्याची भीती. विजेचा लोळ भिंतीवर आपटून मागे फिरत असे, तेव्हा तिथेही कोन मोजणे आले. अशा खेळात जादूगार चालवणाऱ्याला जागेचे भान ठेवावे लागे, भिंत कुठे आहे, छत किती उंच आहे हे आधी विचारावे लागे. स्पेलची मर्यादा नकाशात होती.

पुढच्या आवृत्त्यांनी हा हिशेब सोडून दिला. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत आग कोपऱ्यावरून वळते, पण वीस फुटांपलीकडे जात नाही. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत सगळे चौकटीच्या पटावर आले. तिरपा चौकोनही सरळ चौकोनाइतकाच मोजायचा असल्याने फायरबॉलचा टप्पा सात बाय सात चौकोनांचा, म्हणजे चक्क चौरस झाला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तो पुन्हा वीस फूट त्रिज्येचा गोल झाला, सहा बाजूंच्या आठ फाशांची इजा करू लागला, आणि अंगावर नसलेल्या, हातात न धरलेल्या ज्वालाग्राही वस्तू पेटवू लागला. गंमत अशी की त्याच आवृत्तीच्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये नवा स्पेल बनवणाऱ्यांसाठी जे कोष्टक आहे, त्यात तिसऱ्या पातळीच्या, अनेकांना इजा करणाऱ्या स्पेलला सहाच फासे सुचवले आहेत. खेळाची ओळख बनलेल्या स्पेलला त्याच्याच घरात दोन फाशांची सूट मिळालेली आहे.

या बदलांत काय कमावले हे सांगणे सोपे आहे. निकाल झटपट लागतो, आणि दोन वेगवेगळ्या डीएमकडे एकच उत्तर मिळते. गमावले तेही मोठे आहे. बोळात फायरबॉल टाकताना पोटात जो गोळा येई, तो घनफुटांच्या त्या हिशेबातून येई. चौरस स्फोट कुणाला चुकूनही जाळत नाही. नियम जितका सुटसुटीत झाला तितके जग सपाट झाले, हा जुन्या खेळाडूंचा आक्षेप नुसत्या आठवणींच्या प्रेमातून येत नाही. तो बरोबर आहे.

आगीची हद्द निदान फुटांत मोजता येते. मनावर चालणाऱ्या स्पेलची हद्द कशात मोजायची? इथे या विषयाचा खरा कस लागतो.

‘चार्म पर्सन’ घ्या. 1974 मध्ये तो जमला की समोरचा माणूस जादूगाराच्या पूर्ण कह्यात जाई, आणि कुणी तो प्रभाव मोडून काढेपर्यंत तसाच राही. पहिल्या पातळीचा स्पेल आणि आयुष्यभराचा गुलाम. 1978 च्या पुस्तकात वेळेची मर्यादा होती, तीही बुद्धीप्रमाणे. अत्यंत मंदबुद्धी माणसाला सुटकेची संधी तीन महिन्यांनी मिळे, अलौकिक बुद्धीच्या माणसाला रोज. 2014 पर्यंत त्याचा काळ एका तासावर आला. समोरचा जादूगाराला फक्त ओळखीचा स्नेही समजू लागला आणि तास संपल्यावर आपल्यावर जादू झाली होती हे त्याला कळू लागले. चाळीस वर्षांत गुलामीपासून तासाभराच्या स्नेहापर्यंत. यामागे खेळाचा समतोल आहेच, पण दुसऱ्याच्या इच्छेवर ताबा मिळवणे ही किती गंभीर गोष्ट आहे, याची टेबलाभोवती वाढत गेलेली जाणीवही त्यात दिसते.

‘कमांड’ या स्पेलमध्ये एका शब्दाची आज्ञा देता येते. 1978 च्या पुस्तकात गायगॅक्स यांनी मरण्याची आज्ञा दिली तर काय, हा प्रश्न आधीच ओळखून उत्तर देऊन ठेवले होते: समोरचा एक फेरीपुरता निपचित पडतो, मरत नाही. 2014 मध्ये जवळ ये, टाक, पळ, लोटांगण घाल, थांब अशा काही आज्ञा नमुन्यादाखल दिल्या आणि इतर शब्द सुचले तर डीएमने ठरवावे असे म्हटले. 2024 च्या सुधारित नियमपुस्तकात नमुने गेले आणि यादी उरली. त्या पाचांपैकी एक निवडायची, बस. वाद मिटले, आणि त्याबरोबर नेमक्या वेळी नेमका शब्द सुचण्यातली मजाही गेली. ‘गा’ किंवा ‘उघड’ अशी अनपेक्षित आज्ञा देऊन पहारेकऱ्यांची त्रेधा उडवणारा खेळाडू आता काय करणार? हा बदल या प्रस्तावनाकाराला पटत नाही. सहा सेकंदांच्या आज्ञेने खेळ मोडत नव्हता.

‘सजेशन’ची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या पातळीचा असलेला हा स्पेल समोरच्याला एखादी गोष्ट सुचवतो आणि तो ती करू लागतो. 1978 च्या वर्णनातले उदाहरण प्रसिद्ध आहे: आम्लाच्या डबक्यात उडी मार, असे सांगून चालणार नाही, पण हे निर्मळ पाणी आहे, एक डुबकी मारली तर बरे वाटेल, असे सांगितले तर चालेल. म्हणजे हद्द कृतीत नव्हती, सांगण्याच्या कौशल्यात होती. 2014 मध्ये सूचना वाजवी वाटेल अशा शब्दांत मांडली पाहिजे, अशी अट होती. स्वतःला भोसकून घे असे सांगितले तर स्पेल संपे. मात्र एखाद्या सरदारणीने वाटेत भेटलेल्या पहिल्या भिकाऱ्याला आपला लढाऊ घोडा देऊन टाकावा, हे पुस्तकाच्या लेखी वाजवी होते. घोडा देणे वाजवी, मग गडाच्या दरवाजाची किल्ली देणे? पहारा सोडून घरी जाणे? आपल्या राजाविरुद्ध साक्ष देणे? वाजवी म्हणजे काय याचा निवाडा प्रत्येक टेबलाने वेगळा केला. एकाच स्पेलने कुठे युद्ध थांबवले, तर कुठे त्याला साधा पहारेकरीही बधला नाही.

2024 च्या आवृत्तीने ‘वाजवी’ ही अट काढून टाकली. आता सूचना पंचवीस शब्दांच्या आत हवी, शक्य कोटीतली वाटायला हवी, आणि तिच्यामुळे समोरच्याला किंवा त्याच्या साथीदारांना उघडउघड इजा होता कामा नये. किल्लीचा प्रश्न तर पुस्तकानेच सोडवला, कारण तिजोरीची किल्ली आणून दे हे तिथले उदाहरणच आहे. इजा हा निकष वाजवीपणापेक्षा कितीतरी स्पष्ट आहे, आणि या ठिकाणी कागदाने आपल्याकडे अधिकार घेतला ते बरे केले. कारण वाजवी काय हे ठरवताना डीएमला आपल्याच पात्राच्या बाजूने निवाडा करण्याचा मोह होतो. आपण महिनाभर रचलेला कट एका वाक्यात फसावा असे कुणाला वाटेल?

काही वेळा हद्द पुस्तकाच्या मौनात असते. ‘वेब’ या स्पेलने चिकट जाळे पसरते. ते जळते, किती वेळात जळते आणि आत अडकलेल्याला किती इजा होते, हे पाचव्या आवृत्तीत नीट लिहिले आहे. ‘ग्रीज’ या स्पेलने जमिनीवर निसरडा थर पसरतो. 2014 च्या पुस्तकात त्यासाठी लागणारे साहित्य म्हणून डुकराच्या कातडीचा तुकडा किंवा थोडे लोणी सांगितले आहे. तो थर पेट घेतो का, याबद्दल मात्र त्या पुस्तकात एक शब्दही नव्हता. शब्दनिष्ठ वाचक म्हणतो, जिथे जळावे असे लेखकांना वाटले तिथे त्यांनी तसे लिहिले, इथे लिहिले नाही म्हणजे जळत नाही. दुसरा विचारतो, चरबी आणि लोणी जळते हे लिहायला हवे काय? दोघांचेही म्हणणे नीट विचार करून आलेले आहे. रचनेकडे पाहिले तर पहिल्याचे पारडे जड होते. पहिल्या पातळीच्या स्पेलने शत्रूला पाडायचेही आणि मशाल टाकून जाळायचेही, हे जरा जास्तच होते. तरीही एखाद्या डीएमने एक फेरीभर थोडीशी आग मान्य केली आणि त्या बदल्यात निसरडेपणा संपला असे सांगितले, तर तो निवाडा त्या पुस्तकाशी बेइमानी ठरत नाही.

याउलट पुस्तक बोलते, पण भलतेच बोलते, अशीही उदाहरणे आहेत. 2014 मध्ये वॉरलॉक पात्राचा हुकमी ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ फक्त सजीवावर सोडता येई, असे शब्दांवरून निघत होते. म्हणजे दैत्याला लोळवणारा झोत लाकडी दारावर टाकायचा नाही! बहुतेक टेबलांनी हे मनावर घेतले नाही. 2024 मध्ये मजकुरात ‘वस्तू’ हा शब्द आला आणि दहा वर्षांचा वाद एका शब्दाने मिटला. ‘सी इनव्हिजिबिलिटी’चे प्रकरण त्याहून वाईट होते. या स्पेलने अदृश्य शत्रू दिसू लागतो. पण 2014 च्या नियमांत अदृश्यतेच्या व्याख्येतच एक वेगळे कलम होते: अदृश्य असलेल्यावर वार करणे अवघड जाते. तो दिसत असला तरी कलम लागूच. नियमांचे प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनीही शब्दांचा अर्थ तसाच होतो हे मान्य केले. शत्रू लख्ख दिसतो आहे, तरी नेम तसाच चुकतो आहे. अखेर 2024 मध्ये ज्याला तुम्ही दिसता त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही, अशी दुरुस्ती झाली. शब्दाला चिकटून राहण्याची किंमत काय असते ते या उदाहरणात पुरेपूर दिसते.

असे निवाडे देण्याची परंपराही जुनी आहे. ‘द ड्रॅगन’ मासिकात 1979 मध्ये ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हे सदर सुरू झाले. पहिली उत्तरे जीन वेल्स यांनी दिली, पुढे स्किप विल्यम्स यांनी वर्षानुवर्षे ते चालवले. वाचक पत्रांतून अडचणी विचारत आणि सदरलेखक निवाडा देत. क्रॉफर्ड यांनी 2015 मध्ये हे सदर हाती घेतले तेव्हा तीन दृष्टी सांगितल्या: नियम जसा लिहिला आहे तसा, नियम जसा अभिप्रेत होता तसा, आणि नियम जसा खेळायला आनंददायक ठरेल तसा. खेळाडूंच्या बोलण्यात यांतल्या पहिल्या दोन दृष्टी ‘रॉ’ (रूल्स ॲज रिटन) आणि ‘राय’ (रूल्स ॲज इंटेंडेड) या लघुरूपांनी रुळल्या आहेत. नियमांच्या टकरीसाठी पाचव्या आवृत्तीने सुरुवातीलाच एक किल्ली देऊन ठेवली आहे: विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो. मराठी वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. सगळ्यांना दही वाढा आणि कौंडिण्याला ताक, असे सांगितले तर कौंडिण्याला दही मिळत नाही, हा तक्रकौंडिण्य न्याय आपल्याकडच्या व्याकरणकारांनी आणि मीमांसकांनी हजारो वर्षे वापरला आहे. स्पेल हा असाच विशेष नियम असतो. तो सांगतो तेवढ्यापुरता जगाचा सामान्य नियम थांबतो, त्यापलीकडे जग आपल्या जागी असते. पाण्याचा स्पेल पाणी देतो. ते पाणी कुठे वाहील हे उतार ठरवतो.

‘विश’बद्दल थोडक्यात. 1975 च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीपासून हा स्पेल जादूच्या शिखरावर आहे: हवे ते मागा. वर मागून फसलेल्यांच्या कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला पुढचे सांगायला नको. डीएम शब्दांत फट शोधतो आणि खेळाडू ती फट राहू नये म्हणून वकिली कागदपत्र लिहून आणतात. 2014 च्या आवृत्तीने यातून चांगली वाट काढली. आठव्या पातळीपर्यंतचा कोणताही स्पेल ‘विश’ने बिनधास्त साधता येतो. त्यापुढचे काही मागितले तर शरीर खचते आणि पुन्हा कधीही ‘विश’ वापरता न येण्याची शक्यता 33 टक्के असते. शत्रू मरावा असे मागितले तर मागणाराच तो शत्रू मेलेल्या भविष्यकाळात जाऊन पडू शकतो, हे उदाहरण पुस्तकात आहे. हद्द इथे भिंतीसारखी उभी नाही, तिला किंमत लावली आहे.

किंमत हीच मर्यादा मानणारे खेळ आणखीही आहेत. 1975 च्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये स्पेल टाकला की अंगातली ताकद कमी होते. 1989 च्या ‘शॅडोरन’मध्ये प्रत्येक स्पेलचा ताण जादूगाराला सोसावा लागतो. 1993 च्या ‘मेज: द असेन्शन’ने तर वेगळाच विचार केला. तिथे वास्तव म्हणजे बहुसंख्य लोकांचा विश्वास. जादूगाराने गॅसची नळी फुटल्यासारखा स्फोट घडवला तर तो योगायोगात खपून जातो. भर चौकात बोटातून आग काढली तर वास्तवच उलटून त्याला शिक्षा करते. जादू किती मोठी होती यापेक्षा ती कुणी पाहिली हे तिथे महत्त्वाचे.

मग डीएमने टेबलावर करायचे काय? जे डीएम वर्षानुवर्षे खेळ चालवत आले आहेत त्यांच्या वागण्यात काही गोष्टी सारख्या दिसतात. खेळाडूने स्पेलचा अनपेक्षित वापर सुचवला की ते आधी विचारतात: तुला नेमके काय घडवायचे आहे? फुप्फुसांत पाणी भरायचे म्हणणाऱ्याला बहुधा शत्रूचे तोंड बंद करायचे असते, त्याला मंत्र म्हणू द्यायचा नसतो. तेवढे साधण्याची दुसरी रीतसर वाट असते आणि ती दाखवता येते. निवाडा फासे पडण्याआधी सांगितला जातो, नंतर नाही, म्हणजे खेळाडूला बेत बदलण्याची संधी राहते. तो लिहून ठेवला जातो, आणि पुढच्या वेळी शत्रूच्या जादूगारालाही लागू होतो. ही शेवटची अट फार उपयोगी आहे. खेळाडूंना मिळालेली सवलत उद्या त्यांच्यावरही उलटू शकते हे सगळ्यांना माहीत असले की मागण्या आपोआप शहाण्या होतात. आणि इजेच्या बाबतीत कडक राहून युक्तीच्या बाबतीत सैल राहणे बहुतेक वेळा फळाला येते. जास्तीचे फासे मागणाऱ्याला नकार द्यावा. पण लढाई टाळणारी, दार उघडणारी, शत्रूला बोलते करणारी कल्पना कुणी मांडली तर स्पेलचे शब्द थोडे ताणले तरी चालतात. खेळ त्या क्षणांसाठीच मांडलेला असतो.

हद्दीचा सर्वांत सखोल विचार मात्र ‘आर्स मॅजिका’ने केला. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांचा हा खेळ 1987 मध्ये आला. पुढे याच ट्वीट यांनी स्किप विल्यम्स आणि मॉन्टी कुक यांच्यासह ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती घडवली. ‘आर्स मॅजिका’ तेराव्या शतकातल्या काल्पनिक युरोपात घडतो, आणि तिथे स्पेलची तयार यादी हा जादूचा पाया नाही. निर्माण करणे, जाणणे, बदलणे, नष्ट करणे आणि नियंत्रित करणे अशा पाच क्रिया, आणि पाणी, अग्नी, देह, मन यांसारखी दहा क्षेत्रे. त्यांच्या जोड्यांतून जादूगार स्वतः स्पेल रचतो. सगळेच शक्य असलेल्या या पद्धतीला आधार आहे तो मर्यादांच्या एका यादीचा, आणि ती यादी त्या जगातल्या जादूगारांनाही ठाऊक आहे. दोन मर्यादा मोठ्या: ईश्वरी सामर्थ्यावर जादू चालत नाही, आणि वस्तूचे मूळ स्वरूप कायमचे बदलता येत नाही. बाकीच्या लहान, उदाहरणार्थ: काळ मागेपुढे करता येत नाही, चंद्राच्या कक्षेला आणि त्यापलीकडे हात लावता येत नाही, आत्मा घडवता येत नाही आणि म्हणून मेलेल्याला परत आणता येत नाही.

या लहान मर्यादा खरोखर विश्वाच्या आहेत की बोनिसागस या आद्य आचार्याने मांडलेल्या सिद्धांतातल्या उणिवा आहेत, हा त्या जगातल्या जादूगारांपुढचा जिवंत प्रश्न आहे. खेळाडू आपल्या पात्राला वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत बसवून त्याचा शोध घेऊ शकतात. खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी ‘एन्शंट मॅजिक’ नावाचे अख्खे पुस्तक निघाले आहे. बोनिसागसच्या आधीच्या विस्मृत परंपरांचे अवशेष कुठे सापडतील, आणि त्यांच्या अभ्यासातून यांपैकी कोणती हद्द पुढे सरकवता येईल, हा त्याचा विषय आहे.